भातवडीची लढाई झाली नसती तर?

इतिहासांत 'जर' आणि 'तर' यांना स्थान नाहीं, असें पुष्कळदां सांगितलें जातें. जें घडलें तें घडलें आणि तें कोणाला बदलतां येत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु एखाद्या निर्णयाचें मोल ठरवावयाचें असेल, तर त्या वेळीं दुसरी कोणती वाट मोकळी होती, हें पाहिल्यावांचून गत्यंतर नसतें. वाट एकच असेल, तर दोष कोणाला द्यावयाचा? आणि दुसरी वाट असून ती सोडली गेली असेल, तर ती कां सोडली, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा कसा म्हणावा? अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही या दोन शेजारी सत्तांच्या दीर्घ वैराकडे पाहतांना हाच प्रश्न पदोपदीं उभा राहतो.

श्रीगोंदें तालुक्यांतील काष्टी हें गांव जनावरांच्या आठवडे-बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. दौंडाहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग भीमा ओलांडतो आणि या गांवावरून पुढें अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे जातो. बैल घेऊन बाजारास येणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें नदी ओलांडली कीं तालुका बदलतो, एवढाच त्या नदीचा अर्थ आहे. सोळाव्या शतकांत या भागांतील भीमेचे दोन्ही कांठ निजामशाहीच्याच अमलाखालीं होते. परंतु १६३६ सालीं जी मोठी वांटणी झाली, तींत ढोबळ मानानें ही नदीच सीमा ठरली. उत्तरेस मोंगल आणि दक्षिणेस विजापूर, अशी स्थिति झाली. एका राज्याच्या पोटांत असलेलीं गांवें एकाएकीं सरहद्दीवरचीं गांवें झालीं. ही सरहद्द येथें आली कशी, हें समजण्यासाठीं शंभर-सवाशें वर्षें मागें जावें लागतें.

बहामनी राज्याचे तुकडे पडूं लागले, तेव्हां मलिक अहमद यानें १४९० सालीं स्वतंत्रपणें कारभार सुरू केला आणि १४९४ सालीं सीना नदीजवळ अहमदनगर वसवलें. त्याच सुमारास यूसुफ आदिलखान विजापुरास स्वतंत्र झाला. दोघेहि एकाच राज्याच्या चाकरींत वाढलेले सरदार होते. दोन्ही दरबारांत फारसीचा मान होता. दोन्ही राज्यांचा गांवगाडा मराठी देशमुख, देशपांडे, पाटील व कुलकर्णी चालवीत आणि दोन्ही फौजांत मराठे शिलेदार व बारगीर लढत. सुलतानाची मर्जी हाच अखेरचा कायदा, हेंहि दोहोंकडे सारखेंच होतें. इतकीं सारखीं असलेलीं हीं राज्यें एकमेकांचा मात्र कमालीचा द्वेष करीत. परका शत्रु कधीं तरी परत जाईल अशी आशा असते. शेजारी कायमचाच असतो, ही भावना त्या द्वेषाच्या मुळाशीं असावी.

वादाचें केंद्र होतें सोलापूर. हा किल्ला व त्याखालचे साडेपांच परगणे ज्याच्या हातीं, त्याला शेजाऱ्याच्या मुलखांत शिरण्याचें दार सदैव उघडें. १५२४ सालीं बुऱ्हाण निजामशहा आणि इस्माइल आदिलशहा सोलापुरास भेटले आणि इस्माइलची बहीण मरियम हिचा बुऱ्हाणशीं विवाह झाला. सोलापूर आंदण म्हणून मिळावयाचें ठरलें होतें, असें अहमदनगरचें म्हणणें. तसें कांहीं ठरलेंच नव्हतें, असें विजापूरचें. दुसऱ्याच वर्षीं दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ज्या सोयरिकीनें वैर मिटावयाचें, तिनेंच त्याला नवें कारण पुरवलें. त्यानंतर सुलतान बदलले, मित्रपक्ष बदलले, पण सोलापूरचा तंटा एका पिढीनें दुसऱ्या पिढीला वारशासारखा दिला.

या तंट्यापायीं दोघांनींहि बाहेरच्यांना घरांत बोलावलें. अली आदिलशहा १५५८ सालीं गादीवर आला. त्यानें विजयनगरच्या रामरायाची आणि गोवळकोंड्याची मदत घेऊन अहमदनगरच्या राज्यावर स्वाऱ्या केल्या. त्या स्वाऱ्यांत निजामशाही मुलूख इतका लुटला गेला, कीं हुसेन निजामशहास राजधानी सोडून निघावें लागलें. परंतु मदतीस आलेल्या रामरायाचें बळ पाहून अलीच्या मनांतहि धास्ती उत्पन्न झाली. तेव्हां एक विलक्षण गोष्ट घडली. १५६४ सालीं हुसेनची मुलगी चांदबीबी अलीला दिली गेली, अलीची बहीण हुसेनच्या मुलास दिली गेली आणि सोलापूर चांदबीबीच्या आंदणांत विजापुरास मिळालें. चाळीस वर्षें ज्या किल्ल्यासाठीं रक्त सांडलें, तो एका लेखानें हातचा सोडतां आला. पुढच्या जानेवारींत, १५६५ सालीं, दख्खनच्या सुलतानांनीं एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईंत रामरायाचा पाडाव केला.

हा १५६४ सालचा करार या विषयांत फार महत्त्वाचा आहे. दोन्ही राज्यांचें वैर अटळ होतें, असें जें म्हटलें जातें, त्याला हें रोकडें उत्तर आहे. गरज पटली, तेव्हां तडजोड झाली. उणीव होती ती एवढीच, कीं हें सख्य दुसऱ्याला पाडण्यासाठीं झालेलें होतें. टिकून राहण्यासाठीं झालेलें नव्हतें. रामराय पडला आणि सख्याचें प्रयोजनहि संपलें. विजयनगरच्या मुलखाच्या वांटणीवरून जुने मत्सर पुन्हा डोकें वर काढूं लागले.

पुढें उत्तरेकडून मोंगल आले. १५९५ सालीं अहमदनगरचा तरुण सुलतान इब्राहिम निजामशहा विजापूरच्या फौजेशीं लढतां लढतां मारला गेला. गादीसाठीं चार पक्ष झाले आणि त्यांतील एकानें गुजराथेंत असलेल्या अकबराच्या मुलास, शहाजादा मुरादला, मदतीस बोलावलें. म्हणजे मोंगलांना अहमदनगरच्या वेशीपर्यंत आणणाऱ्या घटनांच्या मुळाशीं पुन्हा शेजाऱ्याशीं झालेली लढाईच होती. त्या प्रसंगीं किल्ला राखला तो चांदबीबीनें. ही स्त्री अहमदनगरची कन्या आणि विजापूरची विधवा राणी. विजापूरचा त्या वेळचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा लहान असतां त्याचा सांभाळ तिनेंच केला होता. दोन राज्यांतील नातें एका व्यक्तीच्या ठायीं एकवटावें, असा तो योग होता. १५९६ सालीं वऱ्हाड देऊन तिनें तह केला. त्यानंतर विजापूर व गोवळकोंडा यांच्या फौजा मदतीस आल्या; परंतु १५९७ सालीं गोदावरीच्या कांठीं खानखानानानें त्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. १६०० सालीं चांदबीबी स्वकीयांच्याच हातून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं पडला.

राजधानी गेली, तरी राज्य गेलें नाहीं. हबशी सरदार मलिक अंबर यानें परांड्यास नवा सुलतान उभा केला आणि पुढें पंचवीस वर्षें मोंगलांना दख्खनमध्यें स्वस्थता लाभूं दिली नाहीं. जमिनीच्या महसुलाची व्यवस्था त्यानें लावली, खडकीचें शहर वसवलें आणि मराठ्यांच्या हलक्या घोडदळाचा गनिमी काव्यासाठीं पुरेपूर उपयोग केला. त्याच्या आरंभींच्या काळांत विजापूरच्या इब्राहिमनें त्याला साहाय्यहि केलें. परंतु अंबरचें बळ वाढलें, तसा विजापूरचा संशय वाढला. मोंगल दूर होते, अंबर जवळ होता.

निर्णयाची घटिका १६२४ सालीं आली. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढील शहाजहान, यानें बाप जहांगीर याच्याविरुद्ध बंड केलें होतें आणि मोंगल सत्ता गृहकलहांत गुंतली होती. दख्खनच्या राज्यांना एवढी अनुकूल वेळ क्वचितच मिळाली असेल. पण या वेळीं अंबर व इब्राहिम या दोघांनींहि केलें काय? दोघांनींहि मोंगल सेनापति महाबतखान याच्याकडे मैत्रीची याचना केली, आणि तीहि एकमेकांविरुद्ध. महाबतखानानें विजापूरची मैत्री पसंत केली. विजापूरचा मुल्ला महंमद लारी फौज घेऊन मोंगलांकडे गेला. ही संधि साधून अंबर विजापूरच्या मुलखांत घुसला, तेव्हां मुल्ला महंमद आणि मोंगल सरदार त्याच्या पाठीवर आले.

अहमदनगरजवळ भातवडी येथें दोन्ही बाजू भिडल्या. अंबरनें तेथील तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या वाटा चिखलांत बुडाल्या, रसद तुटली आणि सैन्याचा धीर सुटला. मुल्ला महंमद मारला गेला. अनेक मोंगल व विजापुरी सरदार कैद झाले. अंबरच्या बाजूनें शहाजीराजे भोसले लढले आणि त्यांचे धाकटे बंधु शरीफजी तेथें पडले. परंपरा अशी, कीं या दोघां भावांचीं नांवें अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियावरून ठेवलेलीं होतीं. शहाजीराजांचे श्वशुर लखुजी जाधव मोंगलांच्या बाजूस होते. सुलतानांच्या वैरांत मराठी घरांचीहि अशी फाळणी झालेली होती. विजयानंतर अंबरनें विजापुरास वेढा दिला, इब्राहिमनें हौसेनें वसवलेलें नवरसपूर उध्वस्त केलें आणि सोलापूर घेतलें. शंभर वर्षांनंतर तंटा पुन्हा मूळपदावर आला.

आतां कल्पना अशी करावी, कीं १६२४ सालीं १५६४ सालचाच कित्ता गिरवला गेला. सोलापूर कोणा तरी एकाकडे राहिलें, दुसऱ्याला कांहीं मोबदला मिळाला आणि महाबतखानाकडे गेलेले वकील एकमेकांच्या दरबारीं गेले. मग भातवडीची लढाई झालीच नसती. अंबरचें घोडदळ आणि विजापूरचा पैसा व तोफखाना एकत्र आला असता. मोंगल घरच्या बंडांत गुंतलेले असतां अहमदनगरचा किल्ला परत घेण्याचा प्रयत्न दोघांना मिळून करतां आला असता. निदान विजापूरच्या मुलखाची व नवरसपूरची नासाडी टळली असती, आणि दोन्ही फौजांचें जें बळ एकमेकांना मारण्यांत खर्च झालें, तें शिल्लक राहिलें असतें.

एवढ्यावरून निजामशाही चिरकाल टिकली असती, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कल्पनेच्या घोड्याला लगाम घालणाऱ्या कांहीं गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मृत्यूची. अंबर १६२६ च्या मे महिन्यांत वारला, इब्राहिम १६२७ च्या सप्टेंबरांत आणि जहांगीर त्याच्या पुढच्याच महिन्यांत. दीड वर्षाच्या आंत तिन्ही मुख्य पुरुष नाहींसे झाले. ज्या राज्यांत करार दोन राज्यांचा नसून दोन माणसांचा असतो, तेथें माणूस गेला कीं करार जातो. दुसरी गोष्ट दरबारच्या अविश्वासाची. १६२९ सालीं लखुजी जाधव मुलांसह दौलताबादच्या दरबारांत मारले गेले. आपल्याच सरदारांना जें राज्य निर्भय ठेवूं शकत नाहीं, त्याच्यावर शेजाऱ्यानें विश्वास कां ठेवावा? तिसरी गोष्ट दुष्काळाची. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजराथ व दख्खन यांवर जो दुष्काळ पडला, त्यापुढें कोणत्याहि तहाचें बळ थिटें होतें. फौज धान्यावर चालते, आणि धान्यच नव्हतें.

तरीसुद्धां एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. एकीची आवश्यकता विजापुरासहि अखेर पटली होती. १६३३ सालीं मोंगलांनीं दौलताबादला वेढा दिला, तेव्हां रणदुल्लाखान व मुरार जगदेव हे विजापूरचे सरदार किल्ल्याच्या मदतीस धांवले. किल्ला पडला. त्यानंतर शहाजीराजांनीं संगमनेरजवळील पेमगिरी किल्ल्यावर निजामशाही वंशांतील एका बालकास गादीवर बसवलें, तेव्हांहि मुरार जगदेवाचा त्यांना पाठिंबा होता. म्हणजे जी वाट १६२४ सालीं सोडली, तीच नऊ वर्षांनीं धरली. पण मधल्या काळांत अंबर गेला होता, दुष्काळानें देश ओसाड केला होता आणि शहाजहान गादीवर स्थिर झाला होता. वाट तीच, चालणारे पाय मात्र थकलेले.

१६३६ सालीं शहाजहान स्वतः दख्खनमध्यें आला. विजापूरचा मुलूख जाळला गेला आणि महंमद आदिलशहानें तह पतकरला. वीस लाख रुपये पेशकश देऊन त्यानें बादशहाचें वर्चस्व मानलें आणि त्या बदल्यांत निजामशाहीचा एक वांटा घेतला. भीमेच्या दक्षिणेकडील पुणें व सुपें हे परगणे विजापूरकडे आले, अहमदनगर मोंगलांकडे गेलें. माहुलीस शहाजीराजांनीं शस्त्र खालीं ठेवलें आणि ते विजापूरच्या चाकरींत गेले. विजापूरच्या दृष्टीनें सौदा वाईट नव्हता. उत्तरेची भीति गेली आणि पुढील वीस वर्षें त्याच्या फौजा कर्नाटकांत विस्तार करूं शकल्या. परंतु मध्यें उभी असलेली भिंत पडली, हें त्या नफ्याच्या आनंदांत कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. १६५७ सालीं औरंगजेबानें बेदर व कल्याणी घेतलीं. १६८६ सालीं विजापूर पडलें. निजामशाहीचा वांटा घेतल्यापासून बरोबर पन्नास वर्षांनीं घेणाऱ्यावरहि तीच पाळी आली.

येथें मराठी मनाला अडचणीचा वाटणारा एक प्रश्न येतो. हीं दोन राज्यें एकजुटीनें टिकलीं असतीं, तर स्वराज्याचें काय झालें असतें? शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० सालीं शिवनेरीवर, निजामशाहीच्या पडत्या काळांत झाला. शहाजीराजे कर्नाटकांत आणि पुण्याची जहागीर विजापूरच्या दूरच्या टोंकाला, मोंगल सरहद्दीला लागून, हा योग १६३६ च्या वांटणीनें आणला. बलाढ्य निजामशाही उभी असती, तर शहाजीराजे कदाचित् तिचे थोर वजीर म्हणून नांवाजले गेले असते आणि मावळांतील किल्ले इतके मोकळे सांपडले नसते. म्हणून कित्येकांना वाटेल, कीं सुलतानांचें वैर झालें तेंच बरें झालें. परंतु हा हिशेब मागाहून मांडलेला आहे. पडलेल्या भिंतीच्या दगडांतून कोणी नवें घर बांधलें, म्हणून भिंत पाडणाऱ्यास दूरदृष्टि होती, असें ठरत नाहीं. त्या घराचें श्रेय बांधणाऱ्याचें आहे.

आणि मधल्या काळांत भिंतीखालीं जे सांपडले, त्यांचाहि विचार करावा लागतो. भीमा ही सीमा झाल्यावर तिच्या कांठच्या रयतेला काय प्राप्त झालें, हें श्रीगोंद्याच्या, म्हणजे तेव्हांच्या चांभारगोंद्याच्या, इतिहासांत दिसतें. मालोजीराजे भोसले यांनीं शेख महंमद या मराठी संतकवीस मानानें आणून वसवलें, तें हेंच गांव, असें परंपरा सांगते. १६५७ सालीं मराठ्यांच्या तीन हजार स्वारांनीं भीमा ओलांडून चांभारगोंदें व राशीन या परगण्यांतील मोंगली गांवें लुटलीं. पुढें मोंगल सुभेदार बहादुरखान यानें भीमेच्याच कांठीं पेडगांवास बहादुरगड वसवला, आणि १६८९ सालीं कैद झालेल्या संभाजीमहाराजांना तेथेंच बादशहापुढें उभें करण्यांत आलें. काष्टीच्या आसमंतांतील शेतकऱ्यानें यांतला कोणताच तह केला नव्हता. परंतु प्रत्येक तहाची किंमत त्याच्या कणग्यांतून वसूल होत गेली.

हा अनुभव केवळ दख्खनचा नाहीं, आणि केवळ सतराव्या शतकाचाहि नाहीं. विसाव्या शतकांत इराक व सीरिया या दोन शेजारी अरब देशांवर बाथ या एकाच नांवाच्या, एकाच ध्येयवाक्याच्या पक्षाची हुकूमशाही होती. १९७८ सालीं दोघांनीं एकीकरणाचा जाहीरनामा काढला. दुसऱ्याच वर्षीं सद्दाम हुसेन अध्यक्ष झाला आणि सीरियानें कट केल्याचा आरोप होऊन तें सख्य मोडलें. १९८० सालीं इराक-इराण युद्ध सुरू झालें, तेव्हां सीरियानें इराणची बाजू घेतली आणि १९८२ सालीं आपल्या भूमींतून जाणारी इराकी तेलवाहिनी बंद केली. १९९१ सालीं अमेरिकेच्या नेतृत्वाखालीं इराकविरुद्ध जी फौज जमली, तींतहि सीरियाचें सैन्य होतें. दोघांत उघड युद्ध झालें नाहीं. पण दुसऱ्याच्या शत्रूला हात देण्याची रीत तीच होती. २००३ सालीं बगदादची सत्ता पडली आणि २०२४ सालीं दमास्कसची. भाषा एक, पक्ष एक आणि मत्सरहि एकच.

एकाच्याच इच्छेवर चालणाऱ्या राज्यांना शेजाऱ्याशीं टिकाऊ सख्य करणें कां कठीण जातें, याचें उत्तर या दोन्ही उदाहरणांत मिळतें. तेथें राज्याचें हित म्हणजे गादीवरच्या माणसाची सुरक्षितता. दूरच्या बलाढ्य सत्तेपुढें मान लवविली तरी गादी राहते. पण बरोबरीच्या शेजाऱ्यापुढें एक किल्ला सोडला, तर दरबारांत मान जातो. म्हणून महाबतखानाकडे वकील पाठवणें अंबर व इब्राहिम यांना सोपें वाटलें आणि एकमेकांकडे पाठवणें अवघड. चूक बुद्धीची नव्हती. दोघेहि आपल्या काळांतील अत्यंत चाणाक्ष पुरुष होते. चूक होती ती मापाची. लहान वैर डोळ्यांजवळ धरलें, कीं मोठा धोका त्याच्या आड दिसेनासा होतो.

ज्या सोलापूरसाठीं १५२४ पासून हा खटाटोप झाला, त्याचें पुढें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. तें अखेर अहमदनगरास मिळालें नाहीं, कारण अहमदनगरचें राज्यच उरलें नाहीं. विजापुरासहि तें राखतां आलें नाहीं. १६६८ सालच्या तहान्वयें विजापूरनें तो किल्ला मोंगलांच्या स्वाधीन केला.